सात पाण्यांचा चहा

शरणम्माच्या हातचा समुद्राच्या पाल्याचा चहा मला नऊ वेळा मिळाला. त्यातले आठ कप मी माझ्या खोलीत नेऊन मोरीत ओतले. त्यातले सात तर बहात्तरच्या दुष्काळात, जेव्हा सोलापुरात आमच्या बाळीवेशीत चौथ्या दिवशी नळाला करंगळीएवढी धार यायची. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी शहाणपणाच्या गोष्टी बोलू लागलो, तर माझी लायकी तुम्हाला ठाऊक असलेली बरी.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. एकटा होतो, तापट होतो, आणि शरणम्माच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. आमच्या दोघांत अंगण एकच. अंगणाच्या मधोमध एक दगडी डोणी होती, पूर्वी म्हशीला पाणी पाजायला बसवलेली. शरणम्माचा नवरा गेला, मागोमाग म्हैस गेली, डोणी तेवढी राहिली.

शरणम्मा पंचावन्नच्या पुढची, उंच आणि हाडकुळी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगावर इरकल, आणि गळ्याला लिंबाएवढी गाठ. त्या गाठीमुळं तिचा आवाज दबलेला यायचा. ती समोर बसून बोलत असली तरी शेजारच्या खोलीतून कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. ती कडक भाकऱ्या करून विकायची. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग चुलीच्या धगीला उभी करून वाळवायची, ती अगदी टिचकी मारल्यावर वाजेपर्यंत. महिना महिना टिकायची ती भाकरी.

"पाण्याचा टिपूस राह्यला की बुरशी आलीच म्हणून समजा," ती म्हणायची. "आमचा सगळा धंदा पाण्याच्या इरुद्ध हाय, मास्तर."

तिचा एकुलता एक मुलगा मल्लिकार्जुन. मॅट्रिकला दोनदा नापास, तेही माझ्याच हाताखाली. पोरगा गुणी होता, पण पुस्तक उघडलं की त्याचं लक्ष उडायचं. त्याचं लग्न होटगीच्या दाक्षायणीशी झालं आणि घरात खाणारं तोंड वाढलं, तेव्हा शरणम्मानं मला त्याच्या नोकरीचं पाहायला सांगितलं. रत्नागिरीला एका सरकारी प्रयोगशाळेत समुद्रातल्या शेवाळांवर काम चालायचं. तिथला साहेब माझा कॉलेजातला मित्र. मी चिठ्ठी दिली आणि एक्काहत्तरच्या उन्हाळ्यात मल्लिकार्जुन तिकडं शिपाई म्हणून लागला. ओहोटी लागली की खडकांवर जायचं, विळ्यानं शेवाळ कापायचं, पोत्यात भरून आणायचं, एवढंच काम. ज्याच्या घरातल्या कुणी समुद्र पाहिला नव्हता, त्या पोराला मी तिथं धाडला, आणि वर उपकार केल्याच्या थाटात चार दिवस मिरवलो.

दिवाळीला त्याचं पार्सल आलं. मांजरपाटात शिवलेलं, वर लाखेचे ठिपके. आत जांभळट काळा, वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखा पाला. शरणम्माला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून सोबतचं पत्र मीच वाचून दाखवलं. ते मला अजून पाठ आहे.

"अव्वा, हा पाला खाण्याचा आहे. आमचे साहेब जपानला जाऊन आले, तिकडे लोक याचा चहा करून पितात. तुझ्या गळ्याच्या गाठीला चांगला, मास्तरांना विचार. सात पाण्यांनी धू, सावलीत वाळव, तव्यावर मंद भाज. पेलाभर पाण्यात चिमूटभर टाकून उकळ. आलं, गूळ घाल, चहापत्ती नको. आणि पहिलं पाणी घरात ठेवू नकोस, लांब फेकून दे. त्यात समुद्र असतो."

मी तिला आयोडीन समजावून सांगितलं. तिला ते पटलं, पण तिची अडचण निराळीच होती. हे लिंगायताचं शाकाहारी घर. मासे जिथं पोहतात तिथला पाला चुलीवर चढवायचा की नाही? तिनं मठातल्या स्वामींना बोलावलं. स्वामींनी पाला हुंगला, उन्हात धरून पाहिला आणि सांगितलं, याला डोळे नाहीत, हा पालाच. पण पाल्याला चिकटलेल्या बारीक शिंपल्यांत जीव असतो, त्या काढून टाका. तेव्हापासून शरणम्मा ज्वारीतले खडे निवडावेत तसा तो पाला निवडायची. मोहरीएवढ्या शिंपल्या एका वाटीत जमवायची आणि सोमवारी सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडून यायची. कोरड्या जमिनीवर त्यांना टाकणं तिच्या जिवावर यायचं.

त्या हिवाळ्यात तिनं सगळं पत्राबरहुकूम केलं. सात पाणी, आणि पहिलं पाणी गल्लीच्या टोकाच्या गटारात. मला कप आला तेव्हा मी एक घोट घेतला. खारट, आल्याचा तिखटपणा, आणि मागून ओल्या दोरखंडासारखा वास. तोंड वाकडं करून उरलेला ओतून दिला. तो पहिला कप.

बहात्तरच्या जुलैत तार आली. खडकांवर शेवाळ कापताना लाट आली आणि मल्लिकार्जुनाला घेऊन गेली. बारा दिवस शोधलं, अंग सापडलं नाही. त्याच जुलैत आमच्याकडं आभाळ कोरडं ठणठणीत होतं, माणसं खडी फोडायला जात होती, आणि इथला पोरगा पाण्यात बुडून मेला. मला कुणाचा राग येत होता ते आज सांगता येत नाही. बहुतेक माझाच असावा.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्याच तळहातावर ठेवतात आणि मग माती देतात. लहानपणी बांधलेलं ते लिंग माणूस मरेपर्यंत अंगावेगळं करत नाही. इथं अंगही नव्हतं आणि लिंगही नव्हतं. स्वामी म्हणाले, विभूतीच्या गोळ्यावर समाधी देता येईल. शरणम्मानं नकाराची मान हलवली.

"त्येच्या गळ्यातलं लिंग मी माझ्या इरकलीच्या काठात गुंडाळून बांधलंय. ते हातात आल्याबिगर माती न्हाय. तवर माझा मगा हाय." मगा म्हणजे त्यांच्या कानडीत मुलगा.

तिनं मातीला नकार दिला आणि दाक्षायणी अडकली. एकोणीस वर्षांची पोर. सासू तिच्या कपाळाचं कुंकू पुसू देत नव्हती. रोज तिन्हीसांजेला शरणम्मा त्या पाल्याचा चहा करायची आणि तीन कप भरायची. एक स्वतःला, एक सुनेला, एक उंबऱ्यावर त्याला. अधूनमधून चौथा मला. एक मोठा डबा भरून पाला शिल्लक होता.

पण धुवायला सात पाणी आणायचं कुठून? घागरभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. आधीच बाजारात रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आली होती. तिची कडक भाकरी होईना, थापताना भेगाळायची. शरणम्माचा धंदा बसला होता आणि पाण्याच्या थेंबाथेंबाला ती जपत होती. मग तिनं तेच केलं जे त्या वर्षी सोलापुरातल्या कुठल्याही बाईनं केलं असतं. पहिलं पाणी फेकलं नाही. डोणीत ओतलं, वर फळी टाकली, आणि दुसऱ्या दिवशी वरचं निवळलेलं पाणी काढून त्यातच पुन्हा पाला धुतला. पत्रातलं ते वाक्य मीच वाचून दाखवलं होतं. ती विसरली असावी असं मला वाटलं, आणि दुष्काळात पाणी फेका असं सांगायची माझी जीभ रेटेना.

मागोमाग चहाची वेळ बिघडली. मी घड्याळाचा माणूस, लगेच लक्षात आलं. एका रविवारी तिनं चार वाजता हाक मारली, "मास्तर, च्या घ्या की." सोमवारी पाचला दहा कमी असताना. मंगळवारी पावणेसहाला. मी कुरकुरलो. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, असं मनात म्हणालो आणि कप मोरीत रिकामा केला. पुढच्या आठवड्यात चूल सकाळीच पेटू लागली, आणि तीही रोज पाऊण तासानं पुढं सरकत. तेव्हा मी त्या वेळा कागदावर मांडून पाहिल्या. भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं जाते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो.

"शरणम्मा, वेळ कशावरून ठरवता?" मी विचारलं.

तिनं डोणीवरची फळी सरकवली. "पाणी उतरलं की. पाणी उतरल्यावरच त्यो खडकावर कामाला येतोय न्हवं? आदीच्या पत्रात लिव्हलं हुतं की त्यानं."

मी तिला बाष्पीभवन सांगितलं. तिला ते पटलं नाही. मग मी शाळेतली लाकडी फूटपट्टी आणली, डोणीत उभी केली आणि चार सुट्टीचे दिवस तिच्यासमोर बसून काढले. अंगणात सावली होती, वारा नव्हता, पाणी कुणी काढत नव्हतं, घालत नव्हतं. ते अर्धा इंच चढायचं आणि अर्धा इंच उतरायचं. दिवसातून दोनदा. बाष्पीभवनानं पाणी उतरतं, चढत नाही. पट्टी फुगली असेल म्हणून मी दुसरी आणली. शेवटी दोन्ही पट्ट्या शाळेत ठेवून आलो आणि पुन्हा मोजायला गेलो नाही. अंगणात येता-जाता डोणीकडं पाठ करून चालू लागलो. चाळिशीचा माणूस, तोही दुपारच्या लख्ख उन्हात.

माघात होटगीहून संगप्पा आला. दाक्षायणीचा बाप, रेल्वेत गँगमन. वैरागच्या एका बिजवराचं स्थळ त्यानं पाहिलं होतं. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला ते उडकी म्हणतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. पण त्यासाठी पोर आधी विधवा ठरायला हवी होती.

"पाव्हणा शिवरात्रीपतुर थांबतो म्हणलाय, म्होरं न्हाय," संगप्पा म्हणाला. "मास्तर, पोरीचा जलम जातोय की वो. म्हातारी लिंग मागतीया. मी आणलंय."

त्यानं धोतराच्या सोग्यातून लिंग काढलं. नवंच घेतलेलं, पण तेल-राख चोळून जुनं दिसेल असं केलेलं, इरकलीच्या काठाच्या तुकड्यात गुंडाळून काळ्या दोऱ्यात बांधलेलं. पाला धुताना म्हातारीच्या हाताला लागेल असं ते डोणीत सोडायचं, एवढंच काम. ते त्याच्या हातानं होणार नव्हतं. त्याला शिवाची भीती होती. मला देव-धर्माचं वावडं आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत, म्हणून तो माझ्याकडं आला होता.

मी दाक्षायणीला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. ती ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला जायाचं हाय, मास्तर," ती म्हणाली. "रोज तो तिसरा कप मी धुते. कदी रिकामा असतो, कदी भरलेला. मला हितं भ्या वाटतं. पण अत्तीला असं सोडून गेले तर ती त्या डोणीत उतरंल." अत्ती म्हणजे सासू. एवढं बोलून ती पुन्हा पाखडू लागली.

शिवरात्रीच्या दिवशी दुपारी शरणम्मा मठात गेलेली असताना मी फळी सरकवली आणि ती पुरचुंडी पाण्यात सोडली. टपकन आवाज व्हायला हवा होता. पाण्याचा तसा आवाज झालाच नाही. फार खोल विहिरीत दगड टाकल्यावर होतो तसा, उशिरा आणि लांबून आला. डोणी माझ्या गुडघ्याएवढी होती. मी फळी लावली आणि खोलीत जाऊन दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. अमावस्येला ओहोटी सगळ्यात खोल लागते. संध्याकाळी साडेपाचला शरणम्मानं हाक मारली. संगप्पा आलाच होता, दाक्षायणी चुलीशी होती. शरणम्मानं फळी काढली आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाणी पार तळाला गेलं होतं, जेमतेम चार बोटं उरलं होतं. ऊन अजून भिंतीवर होतं. तिनं पदर खोचला, वाकली आणि हात घातला.

पुरचुंडी वर आली. संगप्पानं दोन्ही हात जोडले. शरणम्मानं ती उकलली, लिंग अंगठ्यानं चोळलं आणि फळीवर ठेवलं.

"हे नवं हाय," ती म्हणाली.

मग तिनं पुन्हा हात घातला. मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. चार बोटं पाण्यात तिचा हात खांद्यापर्यंत गेला. संगप्पा मागं सरकून भिंतीला टेकला. मी तिथंच उभा होतो. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली, अंधारात कुणाचा तरी हात चाचपडावा तशी. मग हळूहळू सरळ झाली. तिच्या मुठीत दुसरी पुरचुंडी होती. कापड काळंनिळं पडलेलं, दोरा कुजून तुटलेला, आणि सगळ्यावर मोहरीएवढ्या शिंपल्या धरलेल्या. तिनं एक कोपरा उलटला. आत तिच्या इरकलीचा लाल काठ होता आणि त्यावर तिनंच घातलेला पिवळ्या दोऱ्याचा टाका.

तिनं फळीवरचं पहिलं लिंग उचलून माझ्या हातात दिलं.

"हे तुमचं, मास्तर. आन् हे माझं."

मी पुष्कळ विचार केला आहे. मल्लिकार्जुनानं जाताना लिंग घरातच ठेवलं असेल, दाक्षायणीला ते सापडलं असेल, तिनं आधीच डोणीत टाकलं असेल. पण लिंगायत माणूस लिंग घरी विसरत नाही, आणि शिंपल्या धरायला समुद्र लागतो. यापलीकडं माझं विज्ञान जात नाही.

त्या रात्री शरणम्मा रडली. पहिल्यांदा आणि मोकळ्या गळ्यानं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्मशानभूमीत विभूतीच्या गोळ्यावर ते लिंग ठेवून माती दिली. शिंपल्या तिनं आधी एकेक करून काढल्या होत्या, पण तळ्याला नेल्या नाहीत. तळंही आटलं होतं. त्या तिनं त्याच्याबरोबरच ठेवल्या. महिन्याभरानं दाक्षायणी वैरागला गेली. निघताना सासूच्या पायावर डोकं ठेवून ती इतका वेळ राहिली की शेवटी शरणम्मानंच तिला खांद्याला धरून उठवलं. "जा तंगी, गाडी चुकंल," ती म्हणाली. तंगी म्हणजे धाकटी बहीण.

माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोणी कोरडी पडली होती. दगडावर मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या, एकाखाली एक. माझ्या वाट्याचं लिंग अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. सोलापूरच्या वैशाखातसुद्धा तो खण ओलसर लागतो. लाकूड जुनं आहे, असं मी स्वतःला सांगतो.

दाक्षायणी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला शरणम्मानं मला बोलावलं. डब्याच्या तळाशी राहिलेली शेवटची चिमूट होती. पुढ्यात दोनच कप.

"आज सात पाण्यानं धुतलंय," ती म्हणाली. "आठ दिस माझ्या प्यायच्या पाण्यातनं ठिवलं हुतं. पयलं पाणी पार वेशीभायेर वतून आले."

मी कप घेऊन उठू लागलो, सवयीनं.

"हितंच बसा," ती म्हणाली. "तुमची मोरी माझ्या दाराखालनं जाती, मास्तर. आठ डाव वास आलाय मला. मी म्हणायची, वतू देत. ह्यो बी त्येलाच पाजतोय."

माझी मान खाली गेली. इतके महिने जे बोलायचं होतं ते तोंडातून बाहेर पडलं. "शरणम्मा, त्याला तिकडं मी धाडला."

"व्हय," ती म्हणाली. त्या गाठीमागून तिचा आवाज आला, पण शेजारच्या खोलीतून नाही, तिथूनच, माझ्यासमोरून. "म्हणून तर तुमाला हाक मारत हुते. दाक्षी ल्हान पोर, तिच्या वाटंला ह्यातलं किती देऊ? एकटीनं किती पिऊ, सांगा की?"

मी पुन्हा बसलो. कप तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही. तो खारट नव्हता. तिनं माझा कप उलटा करून पाहिला, थेंब पडला नाही, आणि मग तिनं तिचा उचलला.